हायपोथॅलॅमसची भस्मारती

झोप या विषयावर मी कधीही, कुठेही तासभर बोलू शकतो. ठाण्याच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयातून मी जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो, तिथे मेंदूचा धडा हमखास जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला यायचा. मी फळ्यावर हायपोथॅलॅमस काढत असायचो आणि मागच्या बाकांवर त्याचं प्रात्यक्षिक चालू असायचं. निवृत्तीनंतर श्रोत्यांची वयं वाढली, बाकी फारसा फरक पडला नाही. ज्येष्ठ नागरिक संघात, वाचनालयाच्या वर्धापनदिनाला, एकदा तर एका वास्तुशांतीत पानं वाढून होईपर्यंत मी ‘झोप आणि मेंदू’ या विषयावर बोललोय. ते यजमान हल्ली भेटले की घाईघाईने हवापाण्याचा विषय काढतात.

अशा माणसाच्या झोपेचं वेळापत्रक दुसऱ्या कुणी आखावं हे मला पटण्यासारखं नव्हतं. म्हणून उज्जैनच्या भस्मारतीचं वेळापत्रक मी स्वतः आखलं.

माझी आत्या उज्जैनला क्षीरसागर भागात राहते. राणोजी शिंद्यांच्या मागोमाग जी मराठी बिऱ्हाडं नर्मदा ओलांडून माळव्यात गेली, त्यांतलं आतोबांचं घराणं. आज आपण पाहतो ते महाकालाचं देऊळ राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी उभं केलं, त्यामुळे आतोबा देवळाबद्दल बोलताना ‘आपलं’ असा शब्द वापरतात. पुढे 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण आतोबांचे पूर्वज उज्जैनलाच राहिले. निघायच्या दिवशी कुणीतरी झोपून राहिलं असणार, असं आतोबांचं मत आहे. ते घराणं पाहता मला ते ग्राह्य वाटतं.

आत्या बरीच वर्षं बोलावत होती. अखेर जानेवारीच्या शेवटी आम्ही दोघं अवंतिका एक्सप्रेसने निघालो. आत्याच्या नातवाने भस्मारतीची नोंदणी करून ठेवली होती. आरती पहाटे चारची. आत बसायला मिळावं म्हणून रांगेत त्याच्या कितीतरी आधी उभं राहायचं, म्हणजे रात्री एकच्या सुमाराला घर सोडायचं. आत्या याला ‘पहाटे लवकर उठणं’ म्हणते.

गाडीत मला रात्रभर धड झोप लागली नव्हती. वरच्या बर्थवरचे गृहस्थ रतलामपर्यंत घोरत होते आणि रतलामला उतरताना मला म्हणाले, “आपको तो बढ़िया नींद आई.” पण मी चिडलो नाही. उलट मनातून खूश होतो, कारण हे जागरण माझ्या योजनेत बसत होतं.

योजनेमागचा सिद्धांत झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांचा. 1982 मध्ये त्यांनी असं मांडलं की झोप दोन वेगवेगळ्या हिशेबांनी येते. एक हिशेब वाण्याच्या उधारीचा. जागेपणी मेंदूतल्या पेशी ऊर्जा जाळतात आणि त्यातून अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे, तितकी वही भरत जाते, आणि गाढ झोप लागली की ती चुकती होते. दुसरा हिशेब घड्याळाचा. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या बरोबर वर हायपोथॅलॅमसमध्ये पेशींचे दोन चिमुकले पुंजके आहेत. दोन्ही मिळून पेशी सुमारे वीस हजार, आणि नाव सुप्राकायॅस्मॅटिक न्यूक्लियस. एवढंसं काम आणि एवढं मोठं नाव मी आमच्या उपप्राचार्यांखेरीज कुणाचं पाहिलेलं नव्हतं. पण इथे काम एवढंसं नाही. शरीराचं तापमान, मेलॅटोनिन, सावधपणा, सगळं हे पुंजके चोवीस तासांच्या तालावर नाचवतात आणि उधारी किती झालीय याची त्यांना पर्वा नसते.

मी उधारीवर भिस्त ठेवली. गाडीतलं जागरण अधिक दिवसभराचं जागरण, म्हणजे संध्याकाळपर्यंत वही गच्च. साडेसातला अंथरुणावर पडायचं, पावणेआठला झोप. झोपेचं एक आवर्तन साधारण नव्वद मिनिटांचं, अशी तीन पुरी करायची आणि सव्वाबाराला आवर्तनाच्या शेवटी, झोप उथळ असताना, टवटवीत उठायचं. हे सगळं मी एका कागदावर आलेखासकट काढलं आणि आत्याच्या फ्रिजला चुंबकाने लावलं. आत्याने चष्मा लावून ते वाचलं आणि विचारलं, “यात दुपारची झोप कुठे दिसत नाही?”

“तीच तर टाळायचीय. दुपारी झोपलं की उधारी फिटते, मग रात्री झोप येत नाही.”

“आम्ही तर दुपारी झोपून घेतो, मग रात्री जातो. प्रत्येक वेळी असंच करतो.”

मी तिच्याकडे पाहून हसलो. ते हसू मला अजून आठवतं, कारण पुढे ते आत्याने बऱ्याच लोकांना करून दाखवलं.

जेवायला दाल-बाफले होते. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी पाण्यात उकडायचा आणि मग गोवऱ्यांच्या आहारावर भाजायचा. आत्याने ताटातला बाफला अंगठ्याने दाबून फोडला, त्याच्या पोटात तूप ओतलं, ते मुरेपर्यंत थांबली आणि पुन्हा ओतलं. तूप मुरणं थांबलं तेव्हा ती थांबली. “आता खा,” म्हणाली. दोन बाफल्यांनंतर माझा आलेख मला धूसर दिसू लागला.

दुपारची पेंग जेवणामुळे येते असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. जेवण टाळलं तरी दुपारी दोन-तीनच्या सुमाराला सावधपणा थोडा घसरतोच, कारण घड्याळाची स्वतःची एक उतरण तिथे असते. मुद्दा असा की त्या वेळी झोप येणं हे शरीराला धरून आहे आणि त्या वेळी जागं राहणं हे माझ्यासारख्याला धरून. आत्या, आतोबा आणि आमची ही, तिघंही दोन वाजता आडवी झाली ती चारपर्यंत. मी ओसरीवरच्या खुर्चीत ‘नईदुनिया’ उघडून बसलो. शब्दकोडं सोडवायला घेतलं. ‘निद्रा’ला तीन अक्षरी समानार्थी शब्द हवा होता. मी उठून तोंड धुतलं. परत आलो, पुन्हा धुतलं. शेजारच्या गच्चीवर एक मांजर उन्हात ताणून पडलं होतं, त्याच्याकडे पाहवेना म्हणून खुर्ची फिरवून घेतली.

साडेपाचला आतोबा मला फ्रीगंजच्या टॉवरपाशी घेऊन गेले. थंडी पडायला लागली होती. आल्याचा कडक चहा समोर आला. चहातलं कॅफिन अ‍ॅडेनोसिनला हटवत नाही, ते फक्त मेंदूत त्याच्या जागा अडवून बसतं. उधारी तशीच राहते, आपल्याला तिची आठवण तेवढी होत नाही. शिवाय पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही रक्तात फिरत असतं, म्हणून संध्याकाळी चहा घेऊ नये. हे सगळं मी आतोबांना दुसरा कप हातात धरून समजावून सांगत होतो. त्यांनी मन लावून ऐकलं आणि स्वतःचा कप माझ्याकडे सरकवला. “मी नाही घेत मग,” ते म्हणाले. चहा टाकवेना म्हणून तोही मीच घेतला.

साडेसातला योजनेप्रमाणे दिवा मालवला.

काहीच झालं नाही. दिवसभर ज्या झोपेला मी दारातून हाकललं होतं ती आता बोलावूनही येईना. मी उजव्या कुशीवर झालो, डाव्या कुशीवर झालो, उताणा झालो. तेव्हा मला इस्रायलच्या पेरेट्झ लावी यांची आठवण झाली. हाच गडी मी योजना करताना विसरलो होतो. लावी यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना सात मिनिटं झोपायचा प्रयत्न आणि तेरा मिनिटं जाग, असं चोवीस तास फिरवत ठेवलं. त्यात दिसलं की रात्री झोपेचं दार उघडण्याच्या आधी, आठ ते दहाच्या आसपास, एक काळ असा असतो की आदली रात्र जागून काढलेल्यालाही झोप लागता लागत नाही. त्यांनी त्याला झोपेचं निषिद्ध क्षेत्र म्हटलं. दिवसभराची उधारी चढत जाते तसतसं घड्याळही तिच्याविरुद्ध जोर लावत जातं, आणि तो जोर सर्वांत जास्त याच वेळी असतो. नाहीतर माणसं तिन्हीसांजेलाच लवंडली असती. मी माझ्या झोपेसाठी अख्ख्या चोवीस तासांतला नेमका हाच तुकडा निवडला होता. आलेखासकट.

क्षीरसागरात शेषावर झोपणारा देव चार महिने उठत नाही, आणि त्याच नावाच्या वस्तीत, गादीवर, दुलईत मी टक्क जागा. सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, तशी शब-ए-मालवा म्हणून या भागातल्या रात्रीची ख्याती. ती ख्याती ज्यांनी पसरवली ते नक्कीच माझ्यासारखे जागे असणार, एरवी रात्र कशी आहे हे कळलं कसं?

नऊच्या सुमाराला गल्लीतून वरात गेली. मकरसंक्रांत झाली की माळव्यात लग्नांना ऊत येतो. बँडवाल्याने आमच्या खिडकीखाली बराच वेळ मुक्काम केला, कारण नवरदेवाचे मित्र पुढे सरकेनात. दहाला पलीकडच्या खोलीत आतोबांचं घोरणं सुरू झालं. परक्या घरी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही याचं एक कारण ब्राउन विद्यापीठात मासाको तमाकी आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवलं: नव्या जागी पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा कमी झोपतो आणि अनोळखी आवाजाला कान देऊन असतो. माझे दोन्ही भाग कान देऊन होते. शेजारी आमची ही उशीला डोकं टेकताच झोपली होती. तिला असले शोधनिबंध ठाऊक नाहीत.

साडेदहा-अकराच्या दरम्यान आत्या पाणी प्यायला उठली आणि दारातून डोकावली.

“अजून जागा?”

“विचार करून राहिलोय,” मी तिच्याच थाटात म्हणालो.

ती काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि काशाची वाटी आणि कोमट तूप घेऊन आली. पलंगाच्या पायथ्याशी बसून तिने माझ्या तळव्यांना तूप चोळलं आणि वर वाटी घासायला लागली. मी तिला सांगणार होतो की याचंही शास्त्र आहे: 1999 मध्ये ‘नेचर’मध्ये बाझेलच्या कुर्त क्रॉयची यांनी दाखवलं की हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावल्या, पाय उबदार झाले, की झोप चटकन लागते, कारण त्या वाटे शरीराच्या गाभ्यातली उष्णता बाहेर पडते आणि झोपेला थंडावणारा गाभा हवा असतो. ‘क्रॉयची’पर्यंत पोचलो की नाही ते आठवत नाही.

झोप लागल्यावर सुरुवातीच्या पाऊण-एक तासात ती सर्वांत खोल जाते. मेंदूतल्या लाटा संथ आणि उंच होतात, थॅलॅमस बाहेरच्या जगाचं दार लोटून घेतो. नेमक्या त्या तळाशी मी असताना सव्वाबाराचा गजर झाला. गजर माझ्याच फोनवर माझ्याच योजनेप्रमाणे लावलेला.

पुराणात मुचकुंद नावाचा राजा आहे. देवांकडून त्याने झोपेचा वर मागून घेतला होता. जो त्याला उठवेल तो त्याच्या दृष्टीनेच जळून जाईल. कालयवन त्याला लाथ मारून उठवायला गेला आणि तिथल्या तिथे भस्म झाला. मीही डोळे उघडून उठवणाऱ्याकडे तसंच पाहिलं. पण हिला काही झालं नाही. ती म्हणाली, “सोवळं खुर्चीवर ठेवलंय.”

गाढ झोपेतून ओढून काढलेल्या मेंदूचं सगळं एकदम जागं होत नाही. चालणं-बोलणं चालू होतं, पण कपाळामागचा जो भाग विचार करतो, ताळतंत्र ठेवतो, तो सर्वांत शेवटी ताळ्यावर येतो. कधी पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मी सोवळं नेसलो. कसं नेसलो ते आतोबांनी पाहिलं आणि काही न बोलता सोडून पुन्हा नेसवलं. ओळखपत्राचा मूळ कागद हवा म्हणून मी पाकिटातून आधार कार्ड काढून उपरण्याच्या गाठीत बांधलं. देवळाच्या फाटकावर तपासणीला उभ्या असलेल्या पोलिसाने ते उघडून पाहिलं, टॉर्च मारला, माझ्याकडे पाहिलं.

“बाबूजी, ये तो अस्पताल के बीमे का है.”

रिक्षाने परत जाऊन आधार आणेपर्यंत आमच्या पुढे आणखी कितीतरी लोक गेले. आत्या, वय ऐंशीच्या घरात, रांगेत ताठ उभी होती. मागच्या बाईंना उज्जैनमध्ये साड्या कुठे चांगल्या मिळतात ते सांगत होती.

रांगेत असेपर्यंत मी जागा होतो हे मला नमूद करायचंय. अनवाणी पाय, दगडी फरशी, माळव्यातली जानेवारी. गार पायांनी झोप लागत नाही हे क्रॉयचींचंच उलटं प्रमेय. घोटाळा आत गेल्यावर झाला. सभामंडपात आम्हांला खेटून बसवलं. समोर मोठा पडदा होता, त्यावर गाभारा दिसत होता. दोन्ही बाजूंनी शाली, कांबळी, माणसांची ऊब. माझे पाय पुढच्या काकांच्या घोंगडीखाली आपसूक सरकले आणि हळूहळू कोमट झाले.

त्यात घड्याळात चार वाजायला आले होते. या वेळेचं महत्त्व भाविकाला एक वाटतं, शरीरशास्त्राला वेगळंच. पहाटे चार-पाचच्या सुमाराला माणसाच्या शरीराचं तापमान चोवीस तासांतलं सर्वांत कमी होतं, मेलॅटोनिन भरात असतं, आणि ते इवलेसे दोन पुंजके जागेपणाच्या बाजूने काडीचाही जोर लावत नाहीत. रात्रपाळीच्या माणसांना ही वेळ चांगली माहीत असते. आणि मनाच्या निर्धाराने हे घड्याळ हलत नाही. शिकागोचे नॅथॅनियल क्लाइटमन आपल्या ब्रूस रिचर्डसन या तरुण विद्यार्थ्याबरोबर 1938 मध्ये केंटकीच्या मॅमथ केव्ह या गुहेत उतरले. सूर्य नाही, बाहेरचा आवाज नाही; बत्तीस दिवस दोघं अठ्ठावीस तासांचा ‘दिवस’ पाळत राहिले. विद्यार्थ्याचं शरीर त्या दिवसाला सरावलं. क्लाइटमन, वय त्रेचाळीस, झोपेच्या शास्त्रातलं जगातलं सर्वांत मोठं नाव, त्यांचं शरीर शेवटपर्यंत चोवीस तासांवरच अडून बसलं. गुहेतल्या त्या प्राध्यापकाबद्दल मला फार जवळीक वाटते.

पंचामृताचा अभिषेक सुरू झाला. दूध, दही. तूप आलं तेव्हा मी मान सावरली. मध मला आठवतो. साखर आठवत नाही.

जागं ठेवणारी केंद्रं आणि झोपवणारी केंद्रं मेंदूत एकमेकांचा गळा धरून असतात. 1917 च्या सुमाराला व्हिएन्नाच्या कॉन्स्टांटिन फॉन इकोनोमो यांनी निद्राज्वराने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासून सांगितलं की हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग बिघडला की माणसाला झोप येत नाही आणि मागचा बिघडला की तो झोपतच राहतो. हार्वर्डच्या क्लिफर्ड सेपर यांनी पुढे त्याची जोडणी उलगडली: एका बाजूने जोर केला की दुसरी गप्प होते, त्यामुळे माणूस जागा तरी असतो किंवा झोपलेला तरी, मधे फार रेंगाळत नाही. उधारी डोक्यावरून गेली असेल तर मात्र हे बटण क्षणाक्षणाला इकडून तिकडे पडायला लागतं. चार-पाच सेकंदांची झोप, दचकून जाग, पुन्हा झोप. असल्या डुलक्यांचा गुण हा की झोपलेल्याला त्या कळतच नाहीत. त्याच्या मते तो सलग जागाच असतो.

मीही सलग जागाच होतो. भस्म चढवण्याची वेळ झाली, बायकांनी पदर पुढे ओढून घ्यावेत अशी सूचना झाली, महानिर्वाणी आखाड्याचे महंत पोटली घेऊन पुढे आले आणि पिंडीवर भस्माचे लोट उठले. हे सगळं मी स्पष्ट पाहिलं. भस्म मऊ, राखाडी, धुक्यासारखं. महंतांनी मान वळवली तेव्हा ते आमचे उपप्राचार्य निघाले आणि मला म्हणाले, “सर, उत्तरपत्रिका अजून आलेल्या नाहीत.” नंदी उठून पर्यवेक्षण करायला लागला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वप्नात काहीही वावगं वाटत नाही, कारण तेव्हाही कपाळामागचा तो ताळतंत्रवाला भाग रजेवर असतो. स्वप्नांच्या या डोळे फिरवणाऱ्या झोपेचा शोध त्याच क्लाइटमन यांच्या हाताखाली युजीन असेरिन्स्की यांनी लावला, 1953 मध्ये; तारा डकवून घ्यायला रात्रभर कोण झोपणार म्हणून त्यांनी स्वतःच्या लहान मुलालाच झोपवलं होतं. पहाटे ही झोप फार सहज येते. तिच्यात मेंदू मानेसकट जवळजवळ सगळ्या स्नायूंना ढिलं सोडतो, म्हणजे स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून धावत सुटत नाही. बसलेल्या माणसाची मात्र मान जाते. मी मान टाकली ती घोंगडीवाल्या काकांच्या खांद्यावर.

पुढचं मला साक्षीदारांकडून कळलं. हिने पदराआडून मला हाक मारली, “अहो!” गाढ झोपेतही माणूस इतर नावांना दाद देत नाही पण स्वतःच्या नावाला मेंदूत लगेच लाट उठते, हे इयन ऑस्वल्ड यांनी 1960 मध्येच दाखवलंय. पण माझं नाव हिने लग्नापासून घेतलेलं नाही. “अहो!” ती पुन्हा म्हणाली. आसपास ठाणे, नाशिक, सोलापूरकडची बरीच मंडळी असावीत, कारण चार-पाच पुरुषांनी चटकन वळून पाहिलं. माझ्या मेंदूने हा निरोप आपल्यासाठी नाही असं ठरवून थॅलॅमसमध्येच अडवला. काकांनी खांदा हलवून पाहिला. त्यांच्या बायकोने त्यांना दटावलं, “रहने दो, ध्यान में हैं.” त्यावर पलीकडचा एक तरुण म्हणाला, “ध्यान में नहीं, भाँग में हैं.” उज्जैनमध्ये हे निदान सहज होतं. मला जाग असती तर मी त्याला अ‍ॅडेनोसिनबद्दल सांगितलं असतं.

झांजा, डमरू आणि शंख एकदम कडाडले तेव्हा मी उठलो. आरती चालू होती. मी टाळ्या वाजवायला लागलो, आणि लय बरोबर पकडली, याचं मला अजूनही कौतुक आहे.

बाहेर आल्यावर पोह्यांच्या गाडीपाशी उभं राहून मी भस्माचं वर्णन केलं. गोवऱ्या आणि शमी-पिंपळाची लाकडं जाळून केलेली ती राख कशी हवेत तरंगत होती, वगैरे. आत्याने जिलबीचा तुकडा मोडला आणि विचारलं, “आणि तो नंदी?”

म्हणजे मी मोठ्याने बोललो होतो.

त्या रात्रीचा सगळ्यांत वाईट भाग मात्र वेगळाच. भस्म चढत असताना बायकांनी पाहायचं नाही, पुरुषांनी पाहायला हरकत नाही, अशी तिथली रीत. आमच्याकडून जागी बसलेली आत्या आणि ही दोघी पदरात तोंड झाकून बसल्या. ज्याला पाहायची मुभा होती त्याने आपण होऊन डोळे मिटले. आतोबांना तर नोंदणीत जागाच मिळाली नव्हती; ते घरी फोनवर थेट प्रक्षेपण पाहत होते, आणि आमच्या घरातून भस्म पाहिलेले तेवढे ते एकटे.

घरी येऊन मी फ्रिजवरचा कागद काढायला गेलो तर तो तिथे नव्हता. आत्याने तो नातवाला दाखवायला ठेवून दिला होता.

दुपारी आतोबा आम्हांला वेधशाळा दाखवायला घेऊन गेले. माळव्याचा सुभेदार असताना सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ती शिप्रेच्या काठी बांधली, 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची दुरुस्ती करून घेतली, आणि तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे. इथेही आतोबा ‘आपले’ म्हणाले. आवारात नवं वैदिक घड्याळही आहे, फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेलं, सूर्योदय ते सूर्योदय तीस मुहूर्त मोजणारं. पण मला गवसलं ते सम्राट यंत्रापाशी. कलत्या भिंतीची सावली बाजूच्या वर्तुळखंडावर पडत होती आणि ती माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या कितीतरी मागे होती. शेजारी दुरुस्तीचा तक्ता लावलेला होता.

मला एकदम उजेड पडला. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. उज्जैन पावणेशहात्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथला सूर्य प्रमाणवेळेच्या 27 मिनिटं मागे. जानेवारीअखेरीला पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कलामुळे आणखी 12 ते 13 मिनिटं मागे. मेंदूतले ते पुंजके तर सरकारी वेळ पाळत नाहीत, ते सूर्यावर लावलेले असतात. म्हणजे आरतीला घड्याळात चार वाजले तेव्हा सूर्याच्या हिशेबाने वाजले होते तीन वीस! शिवाय माझे पुंजके उज्जैनचे नव्हेतच. ते ठाण्याचे, रेखांश 73, म्हणजे आणखी 11 मिनिटं वजा. माझ्या हायपोथॅलॅमसच्या दृष्टीने देवळात जेमतेम तीन दहा झाले होते. त्या वेळी जागं राहायचं म्हणजे माणसाने आपल्या जीवशास्त्राशी लढायचं.

हे सगळं मी सावलीवर बोट ठेवून, रेखांशांसकट, सावकाश समजावून सांगितलं. आतोबांनी मान डोलावली. आत्याही जरा विचारात पडल्यासारखी वाटली.

“ठाण्याहून तर मीही आलेय,” ही म्हणाली.